तळे आपले, मासाही आपलाच असावा

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायास शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. तळ्यात मासे वाढविणारास वीजदर, कर्ज व विमा या बाबतींत शेतकऱ्याच्या पंक्तीस बसविण्याचा त्यात हेतू आहे. निर्णय स्वागतार्ह होय. तेव्हापासून आपल्या सभासदांपैकी पुष्कळांच्या मनात शेततळ्यात मासे सोडण्याचा विचार घोळत आहे. तथापि पंक्तीस बसण्यापूर्वी पानात काय वाढले जात आहे, हे पाहून घेणे अगत्याचे आहे. ते न पाहिल्यामुळे काय होते, याचा दाखला दुसऱ्या कोणाचा देण्याऐवजी मी स्वतःचाच देतो.

प्रस्तुत लेखक महसूल खात्यात कारकून होता. आता निवृत्त होऊन लालबागेत राहतो. पेण तालुक्यात वडिलोपार्जित थोडी भातजमीन आहे. तीत काही वर्षांपूर्वी दोन गुंठ्यांचे तळे खणले. पावसाळ्याच्या आरंभी एक फिरता विक्रेता प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून मत्स्यबीज घेऊन गावात आला. रोहूचे म्हणून त्याने जे बीज दिले ते स्वस्त होते, आणि दारात मिळत होते. सातबाऱ्याच्या उताऱ्यात एक अक्षर इकडचे तिकडे झाले तरी कागद परत करण्यात माझे आयुष्य गेले. पण त्या दिवशी मी पावतीसुद्धा मागितली नाही. दिवाळीपर्यंत तळ्यात रोहू दिसेनासा झाला. उरले ते काळे, मिशाळ, बिनखवल्यांचे मासे. त्यांतील एक मुंबईस आणून परळच्या बाजारातील ओळखीच्या कोळणीस दाखविला आणि विचारले, “मावशी, हा कोणता?” तिने त्यास हातही न लावता सांगितले की, हा मांगूर खरा, पण आपल्याकडचा नव्हे, बाहेरचा.

पुढल्या पावसाळ्यात तळ्याचा बांध फुगून वाहिला आणि ते मासे शेजाऱ्याच्या खाचरातून ओहोळास गेले. वलगणीच्या दिवसांत त्या खाचरात चढणाऱ्या लहान माशांवर शेजाऱ्याच्या घरचे चार दिवस कालवण होत असे. आता त्याच्या सापळ्यात मिशाळ मांगूर येतो व लहान मासे क्वचितच येतात. माझे नुकसान दोन हंगामांचे झाले; त्याचे किती हंगामांचे होईल, याचा पंचनामा कोणत्याही तलाठ्यास करता येणार नाही.

हा मांगूर मूळचा आफ्रिका खंडातील. तो हवेतून श्वास घेऊ शकतो, घाण पाण्यात जगतो, ओल्या जमिनीवरून सरकत जातो आणि समोर येईल तो लहान मासा गिळतो. याच कारणास्तव केंद्र सरकारने २००० साली त्याच्या पालनास बंदी केली. परंतु मासा स्वभावतः दुष्ट आहे, असे कोणी समजू नये. नायजेरिया देशात हाच मासा हजारो कुटुंबे तळ्यांत व टाक्यांत वाढवितात, आणि त्यांच्या अन्नाचा व उदरनिर्वाहाचा तो मोठा आधार आहे. तेथील पाण्यात तो घरचा आहे. त्यास आवर घालणारे भक्षकही तेथे आहेत.

याच्या उलट उदाहरण आपल्या जिताड्याचे. अलिबाग-पेणच्या खारेपाटात घराशेजारी तळे खणून, खाडीतून मिळालेली जिताड्याची पिल्ले त्यात वाढविण्याची रीत जुनी आहे. पाहुण्यास जिताडा वाढणे हा तेथे मोठा मान. आणि आमच्या खात्याच्या माणसांस त्या माशाची ओळख करून देण्याची गरज नाही! जिताडाही मांसाहारीच. पण तो आपल्याच खाडीचा असल्यामुळे बांध फुटून निसटला तरी स्वतःच्याच घरी जातो.

मात्र त्याच जिताड्याचा एक भाऊबंद नाईल नदीच्या पाण्यात असतो. इंग्रजी अमदानीत १९५० नंतरच्या दशकात तो पूर्व आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरात सोडण्यात आला. हेतू उत्पन्नवाढीचाच होता. १९८० नंतर त्याची संख्या बेसुमार वाढली आणि त्या सरोवरात पूर्वी असलेल्या लहान माशांच्या सुमारे २०० जाती नाहीशा झाल्या. किनाऱ्यावरचे लोक ते लहान मासे उन्हात वाळवीत. नवा मासा तेलकट व थोराड. तो टिकविण्यास धूर द्यावा लागे, म्हणून किनाऱ्याची झाडे तुटली. परदेशी निर्यातीने पैसा पुष्कळ आला, पण पूर्वीचे सरोवर परत आले नाही.

कोणी म्हणेल, तर मग आफ्रिकेकडून काहीच शिकू नये काय? अवश्य शिकावे, पण मासा नव्हे, रीत घ्यावी. मलावी देशातील लहान शेतकरी हातांनी खणलेल्या दोन-तीन गुंठ्यांच्या तळ्यात मक्याचा कोंडा घालून मासे वाढवितात आणि तळ्याचे सकस पाणी भाजीस देतात. पाऊस हुकला तर त्याच ओलीवर भाजी निघते. आपल्याकडे भाताचा कोंडा व शेण यांस तोटा नाही.

आणि शिस्त शिकावयाची तर फार दूर जावयास नको. वरळी, माहीम, कुलाबा येथील कोळी बांधव पावसाळ्यात होड्या किनाऱ्यास ओढतात आणि नारळी पौर्णिमेस दर्यास नारळ अर्पण करून पुढचा हंगाम धरतात. जून-जुलैची बंदी सरकारी कायद्याने आली, तरी विणीच्या दिवसांत दर्यास विसावा देण्याची चाल त्याहून जुनी आहे. अफाट समुद्रावर पोट असणारा माणूस स्वतःस मर्यादा घालून घेतो. मग दोन गुंठे पाण्याच्या धन्याने बेफिकीर राहणे कितपत शोभते?

यास्तव माझी सूचना येणेप्रमाणे आहे. मत्स्यबीज एकेकट्याने दारावर न घेता संघाने सर्वांची मागणी एकत्र करून सरकारी अथवा मान्यताप्राप्त केंद्रातून, पावतीसह आणावे. १९५७ साली ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरक टोचून माशांचे प्रजनन साधले, तेव्हापासून नदीतून बीज धरण्याची गरज उरली नाही. खात्रीचे बीज मिळू शकते. गोड्या पाण्यात कटला, रोहू व मृगळ एकत्र सोडावेत. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. म्हणून ते एकमेकांच्या घासावर टपत नाहीत. जिताडा वेगळ्या तळ्यात असावा. सांडव्यास बारीक जाळी व बांधास पुरेशी उंची पावसापूर्वीच द्यावी. परका मांगूर आढळल्यास तळे पूर्ण आटवून त्याचा नायनाट करावा. दया येऊन किंवा कंटाळून तो ओहोळात सोडू नये.

यात खर्च थोडा अधिक आहे, हे मी नाकारीत नाही. पण तळे सातबाऱ्यावर एकाच्या नावे असले, तरी त्यातून वाहिलेले पाणी साऱ्या गावाचे असते. मी स्वतः ते उशिरा ओळखले. येत्या मृगापूर्वी संघाने हा विषय सभेपुढे घ्यावा, अशी नम्र विनंती आहे.