फुप्फुस आमचे, प्रबंध कुणाचा?

न्हावा शेवा म्हटले की देशाला कंटेनर आठवतात, आणि रायगडच्या कष्टकरी माणसाला आठवतो १९८४ चा जानेवारी महिना. त्या महिन्याच्या १६ आणि १७ तारखेला जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या उरण-पनवेलच्या भूमिपुत्रांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण हुतात्मे झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले. जमिनीचा हिशेब असा रक्त सांडून मिळवावा लागला. १९८९ साली बंदर सुरू झाले. २०२४-२५ या एका वर्षात, वीस फुटी कंटेनरच्या मापाने मोजले तर, सुमारे ७३ लाख कंटेनरची हाताळणी या बंदरातून झाली. कंटेनर मोजला जातो, त्याचे वजन मोजले जाते, तो किती तास थांबला तेही मोजले जाते. मात्र ज्या रस्त्यावरून तो जातो त्या रस्त्याकडेच्या वस्तीतील पोराच्या छातीत काय गेले, हे कोण मोजणार?

आमचे उत्तर स्पष्ट आहे. हे काम विद्यापीठांचे आहे. आणि विद्यापीठे ते करतात की नाही, केले तर त्याचे पुढे काय झाले, यावर नजर ठेवण्याचे काम आमचे आहे.

योगायोग असा की ज्या १९८४ साली न्हावा शेव्याच्या मातीत रक्त सांडले, त्याच वर्षी अमेरिकेच्या संसदेने एक कायदा केला. विद्यापीठांना सरकारी निधी द्यायचा आणि त्यांनी रोग झाल्यावरच्या उपचाराचा नव्हे, तर रोग होऊच नये याचा अभ्यास करायचा, अशी ती योजना होती. १९८६ पासून अशी प्रतिबंध संशोधन केंद्रे तिथे उभी राहू लागली. त्यातली महत्त्वाची अट अशी की, केंद्राने एक वस्ती, एक समाज निवडायचा आणि त्या समाजातील माणसांना सल्लागार म्हणून सोबत बसवायचे. काय शोधायचे, कसे शोधायचे आणि सापडले ते कुणाला सांगायचे, यात त्या माणसांना आवाज असला पाहिजे. १९९७ साली तिथल्या वैद्यकशास्त्र संस्थेने या केंद्रांच्या कामाची झडतीही घेतली. संशोधन झाले किती आणि लोकांच्या उपयोगी पडले किती, हा त्या झडतीमागचा प्रश्न होता. पैसा जनतेचा असेल तर हिशेबही जनतेला मिळाला पाहिजे, एवढी साधी ही गोष्ट आहे.

बंदराच्या बाबतीत तर एक उदाहरण न्हावा शेव्याच्या प्रत्येक गावाने पाठ करून ठेवावे असे आहे. लॉस एंजेलिस आणि लाँग बीच ही अमेरिकेची मोठी जुळी कंटेनर बंदरे. तिथल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९९० च्या दशकात शाळकरी मुलांच्या फुप्फुसांची मोजणी सुरू केली. वर्षानुवर्षे त्याच मुलांना फुंकर मारायला लावून फुप्फुसाची वाढ नोंदवली. महामार्गालगत राहणाऱ्या मुलांची फुप्फुसे कमी वाढतात, हे २००७ साली सिद्ध झाले. लाँग बीच हे त्या अभ्यासातील एक गाव. पुढे डिझेल गाड्यांवर, इंधनावर आणि बंदरांवर कडक नियम आले, हवा सुधारली, आणि विद्यापीठाने पुन्हा मोजले. पंधराव्या वर्षी फुप्फुसाची क्षमता धोक्याच्या पातळीखाली असलेल्या मुलांचे प्रमाण पहिल्या तुकडीत सुमारे ८ टक्के होते. दशकभरानंतरच्या तुकडीत ते ४ टक्क्यांच्याही खाली आले. २०१५ साली हे प्रसिद्ध झाले. म्हणजे धूर कमी केला तर पोरांची छाती वाढते, हे आता कुणाच्या मताचा विषय राहिलेले नाही. डिझेलचा धूर कर्करोग निर्माण करतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ सालीच जाहीर केले आहे. लाँग बीचच्या पोराचे फुप्फुस आणि जासई, सोनारी, करळच्या पोराचे फुप्फुस एकाच मांसाचे आहे. मोजणारे विद्यापीठ मात्र वेगळे आहे.

आमच्याकडे विद्यापीठे नाहीत असे कुणी म्हणू नये. न्हावा शेव्याच्या किनाऱ्यावर उभे राहून पलीकडे पाहा. खाडीपलीकडे देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे. तिथेच देशाच्या कुटुंब आरोग्य पाहणीचे काम करणारी लोकसंख्या विज्ञानाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. अणुशक्तीनगरला होमी भाभा राष्ट्रीय संस्था आहे आणि टाटा स्मारक केंद्र तिच्याशी जोडलेले आहे. अलीकडच्या बाजूला कामोठ्याला खासगी वैद्यकीय विद्यापीठ आहे. २०२१ पासून खुद्द रायगड जिल्ह्यात अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते न्हावा शेवा सागरी सेतू खुला झाला आणि मुंबईचे अंतर मिनिटांवर आले. मोटारी या पुलावरून रोज येतात-जातात. त्या पुलावरून ज्ञान कधी येणार?

आणि ही काही कुणी करावयाची मेहेरबानी नाही. १९४६ च्या भोर समितीने प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात प्रतिबंधक व सामाजिक वैद्यक शिकवले गेले पाहिजे असे बजावले होते. १९७७ साली प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने तीन विकास गटांची जबाबदारी घ्यावी अशी योजना आली. प्रत्येक महाविद्यालयाच्या सामुदायिक वैद्यक विभागाला ग्रामीण आणि नागरी आरोग्य प्रशिक्षण केंद्र असावेच लागते. अलीकडे तर विद्यार्थ्यांनी गावातील कुटुंबे दत्तक घ्यावीत असा दंडक अभ्यासक्रमात आला. हे होऊ शकते याचा पुरावाही महाराष्ट्रातच आहे. १९६९ साली सेवाग्रामला सुरू झालेल्या महाविद्यालयाने विद्यार्थ्यांना गावात मुक्कामाला पाठवण्याची परंपरा घातली. गडचिरोलीत विद्यापीठाबाहेरच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बालकांचे मृत्यू निम्म्यावर आणले आणि १९९९ साली ते जगापुढे मांडले. पुढे देशातील आशा कार्यकर्त्यांच्या कामात ती पद्धत उतरली. संशोधन वस्तीतून निघून धोरणात आणि धोरणातून पुन्हा वस्तीत आले.

पण हे चक्र नेहमी पूर्ण होत नाही. १९९८ पासून टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास केला. सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात होत्या. साधी शिकलेली आरोग्य सेविका, थोडे प्रशिक्षण आणि व्हिनेगरसारखे स्वस्त द्रावण, एवढ्यावर दर दोन वर्षांनी तपासणी झाली. त्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. २०१३ साली हा निष्कर्ष जाहीर झाला आणि जगाने टाळ्या वाजवल्या. अभ्यास मोलाचा होता यात शंका नाही. पण त्या दीड लाखांपैकी निम्म्या स्त्रिया तुलनेसाठी ठेवलेल्या गटात होत्या. त्यांना माहिती दिली गेली, तपासणी मात्र अभ्यास संपल्यावर देऊ करण्यात आली. त्यांची संमती घेताना पुरेसे सांगितले गेले होते का, यावर देशात आणि परदेशात वाद झाला. हा वाद बाजूला ठेवला तरी पुढचा प्रश्न उरतोच. ज्यांच्या शरीरावर हे सिद्ध झाले, त्यांच्या लेकीसुनांना ती तपासणी मिळाली का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या २ टक्केही निघाल्या नाहीत. शोध लागला, शोधनिबंध छापला गेला, आणि झोपडीतली बाई होती तिथेच राहिली. संशोधनाच्या पुढच्या वाटचालीवर नजर ठेवा असे आम्ही म्हणतो, ते यासाठी.

बंदर आणि रोगप्रतिबंध यांचे नाते महाराष्ट्राला नवे नाही. १८९६ साली प्लेग मुंबई बंदराच्या गोदीलगतच्या मांडवीत उतरला. त्याची लस वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनी, १० मार्च १८९७ रोजी, मुंढव्याच्या महारवाड्यातील प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर वाहून आणणाऱ्या सावित्रीबाई फुले त्याच रोगाने गेल्या. एकीकडे प्रयोगशाळा आणि एकीकडे सावित्रीमाईंची पाठ. या दोन्हींच्या मधली वाट कुणी बांधायची, हाच तेव्हाचा प्रश्न होता आणि तोच आजचा आहे. याच रायगड जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, १९२७ साली महाडच्या तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क बजावला. स्वच्छ पाण्याला हात लावू न देणे हा माणुसकीचा अपमान तर होताच, पण तो आरोग्याचाही प्रश्न होता. १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रीच्या बाळंतपणाच्या रजेच्या बाजूने ते उभे राहिले, तेही प्रतिबंधाचेच काम होते.

प्रतिबंध म्हणजे गरिबाला केलेला उपदेश, असा एक सोयीचा समज आपल्याकडे रूढ आहे. ट्रकचालकाकडे एड्स नियंत्रणाच्या कागदांत 'पुलासारखा' रोग वाहून नेणारा गट म्हणून पाहिले गेले. त्याला निरोध दिला, समुपदेश दिला, ते योग्यच झाले. पण बंदराबाहेर रांगेत तो किती तास ताटकळतो, झोपतो कुठे, शौचाला जातो कुठे, किती दिवस घरापासून दूर ठेवला जातो, हे कोण विचारणार? सवय माणसाची असते, पण परिस्थिती मालकाची असते. नुसती सवय तपासणारे आणि मालकाला मोकळे सोडणारे संशोधन अर्धेच असते.

न्हावा शेव्याच्या परिसरात मोजायला काय कमी आहे? शेवा कोळीवाड्याच्या विस्थापितांना हनुमान कोळीवाड्यात वसवले आणि तिथे वाळवीने घरे पोखरली. घर हा आरोग्याचा पहिला पाया आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटींहून अधिक भरपाई देण्याचा आदेश दिला, तो कोळ्यांनी चिकाटीने दाद मागितली म्हणून. तिथे बुडालेल्या रोजगाराला किंमत लागली. खाडीतली मासळी गेल्यावर ताटात काय उरले, कातकरी वाडीतल्या आणि बौद्धवाडीतल्या मुलाच्या वजनावर त्याचा काय परिणाम झाला, गोदामात कंत्राटावर माथ्याने ओझी वाहणाऱ्याच्या पाठीचे काय झाले, अवजड वाहनांखाली कोण सापडले, हा हिशेबही त्याच चिकाटीने मागावा लागेल.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. पहिली, जिल्ह्यात काम करणाऱ्या प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने बंदर परिसरात केलेल्या अभ्यासांची वही उघडी ठेवावी. कोणत्या गावात, कोणत्या विषयावर, कुणाच्या पैशाने अभ्यास झाला, काय सापडले आणि त्यावर काय केले, हे त्यात मराठीत लिहिलेले असावे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात वाळवीला घालण्यासाठी नसतात. दुसरी, निष्कर्ष आधी ग्रामसभेत वाचला जावा. आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची नीतितत्त्वेही समाजाला सहभागी करून घ्या आणि लाभाचा वाटा द्या असेच सांगतात. तिसरी, आकडे सरसकट नकोत. अनुसूचित जाती, नवबौद्ध, आदिवासी, कोळी, आगरी, परप्रांतीय कंत्राटी कामगार, स्त्री आणि पुरुष, असे वेगवेगळे हवेत. सरासरीच्या पांघरुणाखाली दुबळ्याचे दुखणे झाकले जाते. चौथी, बंदराच्या कारभारातून आरोग्यासाठी जो निधी निघेल, त्यातून निव्वळ शिबिरे न घेता शाळकरी मुलांच्या फुप्फुसांची दहा वर्षांची मोजणी सुरू करावी, आणि ती बंदराने नव्हे तर विद्यापीठाने करावी.

चळवळीच्या कार्यकर्त्यांनाही दोन शब्द. १४ एप्रिलला आपण रक्तदाब तपासणीचे शिबिर घेतो, ते घ्यावेच. पण त्या दिवशी माहितीच्या अधिकाराचा एक अर्जही लिहावा. २००५ चा कायदा शासकीय महाविद्यालयाला लागू आहे, आणि न मागता माहिती जाहीर करण्याचे बंधनही त्यात आहे. आपल्या तालुक्यात गेल्या पाच वर्षांत कोणते अभ्यास झाले आणि त्यांचे निष्कर्ष कुठे आहेत, एवढेच विचारावे. उत्तर आले तर ते वस्तीत वाचून दाखवावे. 'अभ्यास झालेला नाही' असे उत्तर आले, तर तोच आपल्या आंदोलनाचा पहिला कागद होईल.

वस्तीत कुणी वही घेऊन आला, रक्त घेऊन गेला, प्रश्न विचारून गेला, तर त्याला चहा जरूर पाजावा. पण जाताना विचारावे, 'साहेब, परत कधी येणार आणि आम्हाला काय सांगणार?' १९८४ साली उरणच्या शेतकऱ्याने जमिनीचा हिशेब मागितला होता. त्याच्या नातवाने आता श्वासाचा हिशेब मागितला पाहिजे.