प्रिम मेली म्हणून पुस्तक वाईट?

चवथीच्या सुट्टीत आमच्या मुलीने ‘हंगर गेम्स’चा तिसरा भाग वाचून संपवला आणि पुस्तक पलंगावर भिरकावले. “बाबा, हिने प्रिमला का मारलं?” एवढेच विचारले आणि जेवायला न येता बसून राहिली. सुट्टी संपल्यावर कचेरीत हे सांगितले तर एक सहकारी म्हणाले, “असली पुस्तके पोरांच्या हातात द्यायचीच कशाला?” त्यांची भाची म्हणे दुसऱ्या भागावरच थांबली, कारण तिसऱ्याने सगळी मजा घालवली असे मैत्रिणींनी तिला सांगितले होते.

मला या दोन्ही तक्रारी मान्य नाहीत. तिसरा भाग नसता तर ही मालिका वाचली नसती तरी चालले असते, असे माझे मत आहे. (शेवट आधी कळायला नको असेल त्यांनी इथेच थांबावे.)

सुझन कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेची ही मालिका. तीन भाग २००८, २००९ आणि २०१० साली आले. भविष्यकाळातला पानेम नावाचा देश, त्याची श्रीमंत राजधानी कॅपिटॉल आणि तिच्या टाचेखाली बारा जिल्हे. दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून बारा ते अठरा वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी काढून निवडायची, चोवीस जणांना रिंगणात सोडायचे, आणि एकच जिवंत उरेपर्यंतचा खेळ सगळ्या देशाने टीव्हीवर बघायचा.

लोक इथले धनुष्यबाण आणि प्रेमाचा त्रिकोण लक्षात ठेवतात. मी पडलो कारकून. माझे लक्ष गेले रजिस्टराकडे! बाराव्या वर्षी मुलाच्या नावाची एक चिठ्ठी पडते, पुढे दरवर्षी एक वाढते. पण घरात खायला नसेल तर जास्तीची चिठ्ठी टाकून एका माणसापुरते वर्षाचे जेमतेम धान्य आणि तेल घेता येते. या चिठ्ठ्याही साठत जातात. म्हणून सोळा वर्षांच्या कॅटनिसच्या नावाच्या २० चिठ्ठ्या, अठरा वर्षांच्या गेलच्या ४२. रेशनाच्या यादीत नाव चढवायला उभी राहिलेली माणसे मी वर्षानुवर्षे बघतो आहे. त्यामुळे हा हिशेब वाचून घशाखाली घास उतरला नाही. जुलूम तिथे चाबकाआधी नोंदवहीत सुरू होतो. आणि एवढे करून नाव निघते ते एकच चिठ्ठी असलेल्या धाकट्या प्रिमचे. तिच्या जागी कॅटनिस स्वतः जाते. ही सगळी कथा त्या एका बहिणीला वाचवण्यासाठी सुरू झालेली आहे.

आणि तीच तिसऱ्या भागात मरते. बंडखोर जिंकत आलेले असताना कॅपिटॉलच्या मुलांवर बॉम्ब पडतात. जखमींना उचलायला परिचारिका धावतात, त्यांत प्रिम असते, आणि दुसरा स्फोट होतो. हे बॉम्ब बंडखोरांचेच होते असे पराभूत अध्यक्ष स्नो सांगतो. ती युक्ती कॅटनिसच्या जिवलग मित्राने, गेलने आखलेल्या सापळ्याशी जुळते. पुढे बंडखोरांची नेता कॉईन सुचवते की आता कॅपिटॉलच्या मुलांचा एक शेवटचा खेळ घेऊया. उरलेल्या सात विजेत्यांचे मत घेतले जाते. ठराव ४ विरुद्ध ३ मतांनी मंजूर! कॅटनिसही “हो” म्हणते, आणि स्नोला मारण्यासाठी दिलेला बाण कॉईनवर सोडते.

आता सांगा, प्रिम जगली असती, कॉईन सज्जन निघाली असती, तर मुलीला काय मिळाले असते? वाईट माणसे हरली, चांगली जिंकली, दिवे लागले. हे तिला कुठलाही हिंदी सिनेमा देतो. आपल्या बाजूचा माणूस सत्तेवर आला की तोही रीतसर मतदान घेऊन तोच खेळ मागू शकतो, हे तिला कोण सांगणार होते?

आणि आपण मराठी माणसांनी तरी असल्या शेवटाबद्दल कुरकुर करू नये. दुर्योधन पडला म्हणून महाभारत थांबत नाही. त्याच रात्री झोपेत द्रौपदीची पाच मुले कापली जातात. मग स्त्रीपर्व येते, रणांगणावर प्रेते ओळखत फिरणाऱ्या बायका येतात. हे कीर्तनात ऐकत आपण वाढलो. आपल्याला कोणी “मुलांना हे नको” म्हणाले नाही.

शिवाय कॉलिन्सबाई वाचकाला अंधारात सोडून जात नाहीत. कॅटनिस उजाड गावी परत येते. पीटा परत येतो. मेलेल्यांची आठवण राहावी म्हणून दोघे एक वही तयार करतात. वाईट दिवशी ती आपण पाहिलेले प्रत्येक चांगले काम मनात मोजत बसते. एवढेच. पण एवढे खरे वाटते.

चार दिवसांनी मुलगी पहिला भाग उघडून बसलेली दिसली. चिठ्ठ्यांचे पान होते. “बाबा, प्रिमची एकच होती,” ती म्हणाली. आता तिला २०२० आणि २०२५ मध्ये आलेल्या दोन्ही पूर्वकथा हव्या आहेत. आणून देणार आहे.

आमच्या सहकाऱ्यांच्या भाचीसाठी तिसऱ्या भागाची प्रत घरात आहे. त्यांनी खुशाल घेऊन जावी.