तेल माशाचं की तव्याचं?

गेल्या आठवड्याच्या टपालात रत्नागिरीच्या एका भगिनीचं पत्र आलं. पत्र वाचून दोन दिवस ते डोक्यातून जाईना. यजमानांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला. डॉक्टरांनी घरी सोडताना ‘तेलकट बंद’ एवढंच सांगितलं. झालं! सासूबाईंनी बांगडा आणि तारली बंद केली, आणि ‘पांढरा मासा हलका’ म्हणून एक दिवसाआड रव्यातले कुरकुरीत बोंबील आणि पापलेट सुरू केलं. भगिनी लिहितात, “ताई, बांगड्यावाचून हे ताटावर मुके बसतात. माझं काही चुकतंय का?”

चुकतंय, पण तुमच्या एकटीचं नाही. आपण सगळ्याच जणी माशातलं तेल आणि तव्यातलं तेल एकाच बाटलीत ओततो.

माशाचं आधी पाहू. मुडदुशी, बोंबील हे पांढऱ्या मांसाचे मासे. अशा माशांच्या मांसात चरबी अगदी नावापुरती. मोरीचं तर बहुतेक तेल काळजात असतं, आणि ते आपण साफ करतानाच काढून टाकतो. बांगड्याची गोष्ट निराळी. थव्याने सतत पोहणारा मासा तो, लांबच्या पल्ल्याची शिदोरी मांसातच बाळगतो. कातडीखालचा तो काळपट लाल पट्टा आठवा. तारलीचंही तेच, आणि पावसाळा सरल्यावर तर ती तेलाने निथळते. माझी आई तारल्यांचं भांडं राखेनं दोनदा घासायची, तरी बोटं बुळबुळीत! पापलेट यांच्या मधलं. मांस पांढरंशुभ्र, पण पोटाच्या कडेला आणि कातडीखाली थोडी चरबी असते, म्हणून ते शिजल्यावर कोरडं पडत नाही. 2023 साली महाराष्ट्राने त्याला राज्यमासा केलं ते काही उगीच नाही.

खात्री हवी तर तवा तापवा आणि तेलाचा थेंबही न घालता तिन्हींचा एकेक तुकडा ठेवा. बांगडा आपलं आपण तेल सोडून तडतडायला लागेल. पापलेटच्या कडेला थोडी चकाकी येईल. मुडदुशी मात्र तव्याला अशी चिकटेल की उलथनं मारावं लागेल.

इथेच खरी गंमत आहे. ज्या माशाला स्वतःचं तेल नाही, त्याला आपण बाहेरून पाजतो. शंभर ग्रॅम ओल्या बोंबलात 85 ग्रॅमहून जास्त पाणीच असतं. तो पाट्याखाली दाबायचा, रव्यात घोळवायचा आणि तेलात सोडायचा. पाणी गेलं की रवा तेल पितो. म्हणजे कच्चा असताना सर्वांत कोरडा मासा ताटात येईपर्यंत सर्वांत तेलकट होतो! एकदा तेल मापून तव्यात घाला आणि तळून झाल्यावर उरलेलं परत मापा. मी केलं तेव्हा माझे डोळे उघडले.

बांगड्याचं तेल हृदयाला वैरी नाही, उलट हितकारक मानतात. तरीही तुमच्या घरचं पथ्य मी इथे बसून ठरवणार नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा नाव घेऊन विचारा, “ताजा बांगडा, न तळता, चालेल का?” नुसतं ‘मासे’ म्हटलं की उत्तरही मोघम येतं. खारवलेला बांगडा आणि सुकट यांबद्दल वेगळं विचारा, त्यात मीठ फार.

डॉक्टर हो म्हणाले तर तिखलं करा. सुक्या मिरच्या आणि हळद वाटून घ्या. त्यात चार-पाच कोकमं, ठेचलेली सहा तिरफळं (बी काढून बरं का), बेताचं मीठ आणि तुकडे बुडतील एवढं पाणी घाला. उकळी आली की बांगडा सोडा आणि मंद आचेवर आठ-दहा मिनिटं ठेवा. तेल अजिबात नको, तवंग तोच सोडतो. कोकम-तिरफळाने उग्र वास मारला जातो.

मुडदुशीला हा मारा सोसत नाही. तिला आगळ, मीठ, हळद लावून दहा मिनिटं ठेवा. पातळ कालवण उकळलं की शेवटी घाला. चार-पाच मिनिटं पुरतात. डाव घालू नका, भांडंच धरून हलवा, नाहीतर काटे आणि लगदा! खोबरं मात्र आवरा, चार माणसांना अर्धी वाटी पुरे.

आणखी एक. तुमच्याकडे रापणीचा मासा थेट दारात येतो, भाग्यवान आहात. पण नुकताच धरलेला, ताठ झालेला मासा लगेच तव्यावर टाकला तर आक्रसतो आणि वाकडा होतो. मग बाई म्हणते, मासा वाईट निघाला. साफ करून ताठरपणा जाईपर्यंत बर्फावर ठेवा, किंवा त्या दिवशी कालवणच करा.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांच्या मनात मुलाची काळजी आहे. बोंबील तळायला त्यांनाच बसवा, शेजारी मापाची वाटी ठेवा, आणि शेवटी तेल किती उरलं ते त्यांनाच पाहू द्या. मलाही कळवा.