खेळाची खोली, पण कुणासाठी?

हल्ली फ्लॅटच्या नकाशात ‘गेम्स रूम’ आवर्जून मागितली जाते. हौसेला माझी ना नाही. हिशेब मात्र कुणी करीत नाही. टेबल टेनिसचे टेबल ९ फूट बाय ५ फूट. मागे सरून फटका मारायचा तर दोन्ही टोकांना आणखी पाच-सहा फूट हवेत. ते नसले की टेबलावर इस्त्रीचे कपडे साठू लागतात! कॅरमचा पट आतून अवघा २९ इंचांचा. चार स्टुले, वर टांगलेला दिवा, चिमूटभर बोरिक पावडर. सात-आठ फुटांत सारे भागते. आणि तो मी हॉलमध्ये, दाराजवळच मांडीन. चाळीच्या गॅलरीत डाव रंगे, कारण येणाराजाणारा तिथे थांबे. घरात एकुलते एक मूल असताना आतल्या बंद खोलीत चौथा भिडू येणार कुठून? शेजारचा पोरगा सोंगट्यांचा आवाज ऐकूनच दारात येतो.