अक्काच्या काळ्या गोळ्या

दिवाळी जवळ आली की घरोघरी डबे घासले जातात, माळे झाडले जातात, वर्षाची रद्दी बाहेर पडते. एवढ्या धांदलीत एकच कप्पा असा उरतो की ज्याला कोणी हात लावीत नाही. तो म्हणजे औषधांचा. उरलेल्या गोळ्या, अर्ध्या बाटल्या, कोणी कोठून आणून दिलेल्या पुड्या, सारे तेथे सुखाने नांदत असते. पस्तीस वर्षे औषधांच्या दुकानात उभा राहिलेला माणूस मी. कोणाच्या घरी गेलो की नजर आधी त्या कप्प्याकडे जाते. ही सवय चांगली नव्हे, असे आमच्या सौभाग्यवतींचे स्पष्ट मत आहे. पण यंदा या सवयीने आमच्या अक्काला मोठ्या संकटातून सोडवले, हे त्यांनाही मान्य करावे लागले.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. वय एकाहत्तर. गेली दहा वर्षे तिचे आणि तिच्या गुडघ्यांचे भांडण चालू आहे. आमच्या तिसऱ्या मजल्यावर यायचे तर वाटेत चार ठिकाणी कठडा धरून उभी राहणार, आणि वर पोचल्यावर 'लिफ्ट नसलेल्या घरात माणसाने म्हातारे होऊ नये' असे आम्हाला बजावणार. ती अक्का गेल्या श्रावणात एका दमात वर आली!

"अरे दिनू, गुडघे कुठे आहेत तेसुद्धा आता आठवत नाही बघ," असे म्हणत तिने पिशवीतून एक खोके काढले. खोक्यावर डोंगर, ढग आणि चिनी अक्षरांच्या उभ्या ओळी. आत मिऱ्याएवढ्या काळ्याभोर गोळ्या. शेजारच्या बाईंनी पूर्वेकडच्या देशांच्या सहलीतून आणलेल्या. सकाळी चार, संध्याकाळी चार. दोन महिने झाले होते.

"कशाच्या आहेत ग?"

"झाडपाला आहे रे नुसता! हजारो वर्षांचं औषध आहे म्हणे त्यांचं. झाडपाल्यानं काय व्हायचंय?"

"आणि गुण केव्हा आला?"

"तिसऱ्या दिवशी!"

दहा वर्षांचे दुखणे तीन दिवसांत पळाले तर आनंद करावा हे खरे. पण मला आनंद होईना. मी अक्काकडे नीट पाहिले. चेहरा गोल, भरलेला. ती म्हणाली, "तब्येत सुधारली." हातांवर जागोजाग निळे डाग. ती म्हणाली, "कुठेतरी आपटला असेल हात." रात्री झोप नाही, भूक मात्र राक्षसासारखी, आणि इतके दिवस ताब्यात असलेली रक्तातली साखर एकाएकी दुपटीवर गेलेली. मी गुपचूप आत जाऊन आमच्या डॉक्टर पुतणीला फोन लावला.

"काका," ती म्हणाली, "आत्याला आजच घेऊन या. आणि हे पाहा, गोळ्या परस्पर एकदम बंद करू नका. येताना खोकंही आणा."

विषारी वाटणारे औषध बंद करू नका, हे ऐकून आपण चकित व्हाल. त्याचे कारण असे. पुतणीला संशय होता तो स्टेरॉइडचा. हे औषध सूज आणि वेदना झटपट उतरवते. दमा, संधिवात अशा दुखण्यांत डॉक्टर ते मोजूनमापून देतात आणि त्याने माणसे वाचतात. पण आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ज्या दोन ग्रंथी आहेत, त्या याच जातीचा रस शरीराला रोज पुरवीत असतात. बाहेरून तो आयता मिळू लागला की त्या स्वस्थ बसतात. दोन महिन्यांनी पुरवठा एकदम तोडला तर त्या लगेच जाग्या होत नाहीत. रक्तदाब घसरतो, ओकाऱ्या होतात, माणूस दगावूही शकतो. अक्काच्या सकाळच्या रक्ततपासणीत त्या रसाचे प्रमाण अगदी तळाला गेलेले निघाले. मग डॉक्टरांनी तिला ठरावीक मात्रेचे औषध सुरू केले आणि ते हळूहळू कमी करीत नेले. खोक्यावर मात्र सतरा वनस्पतींची नावे होती. स्टेरॉइडचे नाव कोठेच नव्हते.

हा अनुभव एकट्या अक्काचा असता तर मी दिवाळीच्या दिवसांत आपला वेळ घेतला नसता. तैवानमध्ये मोठ्या रुग्णालयांनी अशा पारंपरिक चिनी औषधांचे २६०९ नमुने गोळा करून तपासले. त्याचा अहवाल १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी २३.७ टक्के नमुन्यांत न सांगता मिसळलेली आधुनिक औषधे सापडली : वेदनाशामके, कॅफीन, लघवी वाढवणारी औषधे, आणि स्टेरॉइडसुद्धा. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातील दुकानांतून घेतलेल्या २६० तयार आशियाई औषधांचा अहवाल आला. त्यांतल्या निदान ८३ औषधांत अशी भेसळ किंवा शिसे, पारा, आर्सेनिक हे विषारी धातू निघाले. म्हणजे ज्याला आपण झाडपाल्याचा गुण समजतो, तो पुष्कळदा त्यात लपवलेल्या गोळीचा गुण असतो.

यावरून चिनी वैद्यकाला कोणी नावे ठेवू नयेत. शन्नुंग नावाच्या त्यांच्या पुराणपुरुषाने शेकडो वनस्पती स्वतः चाखून पाहिल्या आणि एका दिवसात सत्तर विषे पचवली, अशी त्यांची कथा आहे. ज्यांच्या वैद्यकाचा आद्यपुरुषच विषाची परीक्षा घेतो, ते लोक झाडपाल्याला निरुपद्रवी कसे मानतील? सोळाव्या शतकात ली शिझेन या वैद्याने सत्तावीस वर्षे खपून औषधींचा महाग्रंथ रचला. १५९६ साली तो छापून निघाला. त्यात १८९२ द्रव्ये आहेत, आणि त्यांतल्या विषारी द्रव्यांना विषारी असे म्हटलेले आहे. 'झाडपाल्याने काय व्हायचेय' हे वाक्य जुन्या वैद्याचे नव्हे. ते विक्रेत्याचे आहे.

मग घोटाळा होतो कोठे? पहिला घोटाळा नावात. बेल्जियमची राजधानी ब्रुसेल्स येथे वजन उतरवण्याचे उपचार देणारे एक चिकित्सालय होते. १९९० साली तेथील गोळ्यांत दोन चिनी वनस्पतींची भर घालण्यात आली. त्यांतली एक 'फांग-ची'. खरी फांग-ची म्हणजे आपल्या गुळवेलीच्या कुळातला एक वेल. परंतु चिनी बाजारात 'क्वांग फांग-ची' या नावाचे दुसरेच मूळ मिळते. ते ईश्वरीच्या कुळातले. पोत्यावर फांग-ची, आत क्वांग फांग-ची, अशी अदलाबदल झाली. थोड्याच काळात तरुण स्त्रिया मूत्रपिंडे निकामी होऊन रुग्णालयांत येऊ लागल्या. १९९३ साली डॉक्टरांनी हा प्रकार जगापुढे मांडला. पुढे अशा रुग्णांची संख्या शंभरावर गेली. या कुळातले ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंड तर जाळतेच, शिवाय कर्करोगही घडवते. बिघडलेली मूत्रपिंडे व मूत्रवाहिन्या काढून घेतलेल्या ३९ रुग्णांपैकी १८ जणांत कर्करोग आढळल्याचे २००० साली प्रसिद्ध झाले. कोणाला मारायचे म्हणून कोणी काही केले नव्हते. केवळ एका नावाची दोन मुळे होती. खुद्द चीनने या कुळातील एक औषधी २००३ साली आणि आणखी दोन २००४ साली बाद केल्या.

दुसरा घोटाळा संस्कारात. बचनाग आपल्याकडेही आहे आणि चिनी वैद्यकातही त्याचे भाईबंद आहेत. कच्चा बचनाग जिभेला बधिर करतो आणि हृदयाचा ताल बिघडवतो. म्हणून आपले वैद्य तो गोमूत्रात किंवा दुधात शोधून घेतात. चिनी वैद्य तो भिजवून, पुष्कळ वेळ शिजवून वापरतात. दीर्घकाळ उकळल्याने त्यातील विष सौम्य होते. हा खटाटोप अर्ध्यावर सोडला की औषधाचे पुन्हा विष. हाँगकाँगच्या चिनी औषधांच्या कायद्याने ३१ तीव्र द्रव्यांची वेगळी यादी केली आहे. नोंदणीकृत वैद्याच्या चिठ्ठीवाचून ती विकता येत नाहीत. त्या यादीत हे कच्चे बचनाग आहेत.

तिसरा घोटाळा उपयोगात. 'मा-ह्वांग' ही वनस्पती चिनी वैद्य सर्दी-दम्यावर थोडे दिवस, रोगी पाहून देत आले. अमेरिकेत तिचीच गोळी बारीक होण्यासाठी आणि खेळाडूंची ताकद वाढवण्यासाठी सर्रास खपू लागली. हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू यांच्या नोंदी वाढत गेल्या, तेव्हा २००४ साली तेथील अन्न व औषध प्रशासनाने अशा गोळ्यांवर बंदी घातली. वनस्पती तीच होती. पण मध्ये नाडी पाहणारा माणूस उरला नव्हता.

याच परंपरेतून मिळालेली एक मोठी देणगी सांगितली नाही तर अन्याय होईल. १९६७ साली चीनने हिवतापावर औषध शोधण्याची गुप्त मोहीम काढली. पुढे तीत तू यूयू ही संशोधक बाई सामील झाली. जुने ग्रंथ धुंडाळताना 'छिंगहाव' ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यावा, असा चौथ्या शतकातील एक उतारा तिला भेटला. पिळून म्हटले आहे, उकळून नव्हे! उष्णतेने गुण नाहीसा होत असावा, असे तिने ताडले आणि १९७१ साली कमी उष्णतेवर ईथरने अर्क काढला. तो उंदरांना दिला, माकडांना दिला, मग तिने आणि सहकाऱ्यांनी स्वतः घेऊन पाहिला, आणि त्यानंतरच रुग्णांना दिला. २०१५ साली तिला नोबेल पारितोषिक मिळाले. येथेही नावाचा गुंता होताच. छिंगहाव या नावाखाली एकाहून अधिक वनस्पती येत. गुणकारी द्रव्य भरपूर असे एकीतच निघाले. आज त्या द्रव्याच्या गोळ्या जगभर हिवतापावर देतात. पण त्या पाल्याचा घरी केलेला चहा जागतिक आरोग्य संघटना उपचार म्हणून मान्य करीत नाही. कपातल्या चहात औषध किती उतरले, ते कोण सांगणार?

आता आपण म्हणाल, चिनी औषधे आम्ही कशाला घेतो? आम्ही आपले घरचे काढे-चूर्ण घेतो. पण बाजारातून आणलेले तुमचे चूर्ण तरी याहून वेगळे कोठे आहे? 'ब्राह्मी' मागितली तर आपल्याकडेही दोन निरनिराळ्या वनस्पती मिळतात. ईश्वरी आणि किडामार या आपल्या वनस्पती त्याच मूत्रपिंड जाळणाऱ्या कुळातल्या आहेत. २००४ साली अमेरिकेतील बॉस्टनच्या परिसरात विकली जाणारी ७० आयुर्वेदिक औषधे तपासली, तेव्हा १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक निघाले. करोनाच्या साथीत घरोघरी गुळवेलीचे काढे उकळले गेले. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी यकृत सुजलेल्या सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. ती गुळवेल होती की गुळवेलीसारखी दिसणारी तिची बहीण, यावर मोठा वाद झाला. वाद काहीही असो. काढा पिणाऱ्याला आपण काय पीत आहोत ते ठाऊक असायला नको काय?

म्हणून या दिवाळीत तो कप्पा उघडा. प्रत्येक पुडी आणि डबी हातात घ्या. तिच्यावर घटकांची यादी, करणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक आणि तयार केल्याची तारीख आहे का, ते पाहा. आपल्याला वाचता येत नाही अशा भाषेतले औषध, ते कितीही प्रेमाने कोणी आणलेले असो, पोटात घालू नका. दुखण्याला दोन-तीन दिवसांत अद्‌भुत गुण आला तर आधी शंका घ्या. डॉक्टरांकडे जाल तेव्हा चालू असलेला काढा, चूर्ण, चहा सारे सांगा. ते रागावतील म्हणून लपवू नका, कारण एकाचा दुसऱ्याशी झगडा होऊ शकतो. आणि बरेच दिवस घेतलेली संशयास्पद गोळी केराच्या टोपलीत टाकण्यापूर्वी ती घेऊन डॉक्टरांकडे जा.

अक्काचे विचाराल तर तिची साखर ताब्यात आली आहे आणि चेहरा पूर्वीसारखा झाला आहे. गुडघेही पूर्वीसारखेच झाले आहेत. पुतणीने शिकवलेले मांड्यांचे व्यायाम ती कुरकुरत करते आणि त्याने थोडा फरक आहे असे कबूलही करते. परवा चकल्यांचा डबा घेऊन आली. चार ठिकाणी थांबत थांबत वर पोचली, खुर्चीत बसली आणि माझ्याकडे रोखून पाहत म्हणाली, "दोन महिने किती सुखाचे गेले होते रे! तुझ्या दुकानात काय तशा प्रामाणिक गोळ्या मिळत नाहीत?"

मी पस्तीस वर्षांचा दुकानदार. मला उत्तर देता आले नाही. मी तिच्या पायांखाली पाट सरकवला आणि चहा ठेवायला आत गेलो.