पुस्तक मागावे कसे?

जूनमध्ये शाळा उघडते. डोळस मुलगा नवी पुस्तके दप्तरात घालून वर्गात जातो. त्याच वर्गातल्या अंध मुलीचे पुस्तक मात्र कधी दिवाळीला हाती पडते, तर कधी परीक्षा उरकल्यावर. दोष नेहमी यंत्रांचाच असतो असे नाही. बऱ्याचदा मागणी उशिरा जाते, अर्धवट जाते, नाहीतर टेबलावर पडून राहते.

हे पुस्तक तयार व्हायला वेळ का लागतो? आधी छापील पाने स्कॅन करतात. संगणक अक्षरे ओळखतो, पण जोडाक्षरांत आणि रफारात चुकतो, म्हणून माणसाला ओळ न् ओळ तपासावी लागते. नकाशे, आकृत्या शब्दांत सांगाव्या लागतात. मग सहा टिंबांच्या ब्रेल लिपीत छपाई होते, किंवा कुणीतरी वाचून ध्वनिमुद्रण करते. छापील एका पानाची ब्रेलमध्ये दोन-तीन पाने होतात, म्हणून जाड पुस्तकाचे अनेक खंड बनतात. एवढे काम आठ दिवसांत होत नाही.

म्हणून पालकांनो, मागणी लेखी द्या. तीत एवढे असावे :

१) पुस्तकाचे नाव, इयत्ता, माध्यम आणि आवृत्तीचे वर्ष. मुखपृष्ठाची व आतल्या पानाची झेरॉक्स जोडा. अभ्यासक्रम बदलला आणि जुने पुस्तक तयार झाले, तर सारी मेहनत वाया.

२) ब्रेल हवे, मोठ्या टाइपातले हवे की ऐकण्याचे? हे मुलीलाच विचारा.

३) परीक्षेची तारीख आणि आधी हवे असलेले धडे. तयार होईल तो खंड आधी घेता येतो.

४) मागणीची पोच, तारखेसह.

आता पुस्तक तयार करणाऱ्यांविषयी. आपल्या सोलापुरातल्या विडी कामगार भगिनींना हिशेब शिकवावा लागत नाही. पान-तंबाखू किती घेतला, विड्या किती दिल्या, याची नोंद वहीत नसेल तर मजुरी बुडते. इथेही तसेच आहे. मागणी फोनवर आली, चिठ्ठीवर आली की तोंडी आली, ती एकाच वहीत चढली पाहिजे. काम कुणाकडे आहे, कुठवर आले, कधी मिळणार, हे त्या वहीत दिसावे. तेच पुस्तक आधी कुणी केले आहे का, हेही प्रथम पाहावे. २४ ऑगस्ट २०१६ रोजी सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयात ते असेल, तर पुन्हा राबायचे कशाला?

आणि क्रम? ज्याची परीक्षा जवळ, त्याचे पुस्तक आधी. वशिल्याने पुढचा नंबर मागे गेला, तर एका गरीब मुलाचे वर्ष जाते. जमणार नसेल तर तसे वेळेवर सांगावे, म्हणजे पालक दुसरे दार ठोठावतील.

हे मागताना कुणी संकोच करू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना १८ वर्षे वयापर्यंत पुस्तके मोफत देण्याची तरतूद आहे. कॉपीराइट कायद्यातही २०१२ साली दुरुस्ती झाली. अंधांसाठी नफा न घेता पुस्तकाची वाचनसुलभ प्रत करायला आता प्रकाशकाच्या परवानगीची गरज नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे. शाळा उघडण्याची वाट न पाहता, निकाल लागताच अर्ज द्या. पोच जपून ठेवा, आणि महिन्याने जाऊन विचारा.