‘बसल्या बसल्या’ शिवलेली गोधडी

श्रावण पौर्णिमेच्या आदल्या रविवारी तळा तालुक्यातील एका बौद्धवाडीत जाण्याचा योग आला. लावणी आटोपली होती. वर्षावासानिमित्त विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू होते. वाचन झाले, सरणत्तय झाले, चहा आला. मग महिला मंडळाच्या भगिनींनी आपण घरी केलेल्या वस्तू सतरंजीवर मांडल्या. वैशाखात शिवलेल्या तीन मोठ्या गोधड्या, बाळांच्या सात-आठ लहान गोधड्या आणि पिंपळाच्या पानांचे ठसे उमटवलेले उशांचे अभ्रे. “भाऊ, तुम्ही पेपरात लिहिता, आमचेही चार शब्द छापा,” असे त्यांचे म्हणणे.

एका वहिनींची गोधडी आम्ही हातात घेतली. जांभळ्या नऊवारीचा काठ चौफेर फिरवलेला आणि धावदोरा असा की पट्टी लावून मोजावा. अशीच एक गोधडी त्यांनी गेल्या महिन्यात विकली होती. केवढ्याला, म्हणून विचारले.

“पाचशेला. मुंबईचे कोणी आले होते, त्यांनी नेली.”

“शिवायला किती दिवस लागले?”

“दिवस कसले मोजायचे भाऊ? बसल्या बसल्या करते मी.”

आम्ही पडलो कारकून, त्यात बी.कॉम. हे उत्तर आमच्या पचनी पडेना. ग्रंथवाचनाच्या वहीचे शेवटचे पान मागून घेतले आणि सर्वांसमक्ष हिशेब मांडला. खालच्या अस्तराचे नवे सुती कापड १६० रुपये, दोरा ५० रुपये, एकूण २१०. जुन्या साड्या घरच्याच, त्यांचे शून्य धरले. आता वेळ. दुपारी भांडी आवरल्यावर दोन तास आणि रात्री जेवणे झाल्यावर दोन तास, असे बारा दिवस. म्हणजे ४८ तास. पाचशेतून २१० गेले, उरले २९०. त्याला ४८ ने भागा.

ताशी सहा रुपये!

विहारात कोणी बोलेना. वहिनींनीच विचारले, “म्हणजे चहासुद्धा नाही येत?”

रोजगार हमीचा महाराष्ट्रातील २०२५-२६ चा रोज ३१२ रुपये होता. आठ तासांनी भागले तर ताशी ३९ होतात. ही मजुरी खडी-मातीच्या कामाची, ज्याला हातची कला लागत नाही. हाच दर गोधडीला लावला तर ४८ तासांचे १८७२ आणि सामानाचे २१०, अशी २०८२ रुपये किंमत होते. त्यात नफा नाही, कलेचा मोबदला नाही, रात्री कमी उजेडात डोळे ताणल्याचा आकार नाही. नुसती मजुरी.

हे ‘बसल्या बसल्या’ आपल्या तोंडी आले कोठून? वहिनींना आम्ही दोष देत नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या कामाचे तास कधी कोणी मोजलेच नव्हते. महार वतनात कामाला वेळ नव्हती. रात्री-अपरात्री हाक आली की जायचे, पुरुष घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. बदल्यात इनामाचा तुकडा आणि बलुत्याचे धान्य, तेही देणाऱ्याच्या मर्जीने. परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाविरुद्ध बिल आणले ते याचसाठी, आणि कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. कायद्याने वतन गेले. पण काम करून वर ‘त्यात काय एवढे’ म्हणायची खोड घराघरात राहिली, आणि आमच्या मते ती बायाबापड्यांच्या वाट्याला जास्त आली. नवरा गवंड्याच्या हाताखाली गेला की ‘कामावर गेला’. बायको बारा दिवस सुई ओढते ती ‘बसल्या बसल्या’.

कापड आणि आपण यांच्या नात्यात एक आणखी सल आहे. मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसे हजारोंनी होती, पण विणाई खात्यात त्यांना घेत नसत. धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. पगार मात्र विणाई खात्यातच चांगला. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. त्या काळी विदर्भात आपल्याच समाजातले कितीतरी लोक घरच्या मागावर जाडेभरडे कापड विणून पोट भरत होते. म्हणजे हाताला कसब होते, पण त्याचे दाम मिळेल त्या जागेचे दार बंद होते.

असो. आमचा हिशेब ऐकून एक काकी सरळ म्हणाल्या, “दोन हजाराला कोण घेतं रे बाबा? दुकानात चारशेला मऊ ब्लँकेट मिळतं.” काकींचे बरोबर आहे. नुसती वही उघडून गिऱ्हाईक येत नाही. दोन हजार मागायचे तर वस्तू दोन हजारांची दिसली पाहिजे, टिकलीही पाहिजे. म्हणून मांडलेल्या गोधड्यांतले दोष आम्ही तोंडावर सांगितले, आणि भगिनींनी ते मनाला लावून घेतले नाहीत.

एका गोधडीत लाल साडीचा रंग उतरून पांढऱ्या धोतरावर डाग पडले होते. जुने कापड असले तरी त्याचा तुकडा आधी भिजवून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावा. रंग लागला तर ते कापड आत घालू नये. दुसरीत आतल्या थराचा गोळा झाला होता. कारण कच्चा टाका न घालताच शिवायला घेतली. गोधडी सारवलेल्या किंवा फरशीच्या सपाट जमिनीवर अंथरावी, चारी कोपऱ्यांवर वजने ठेवावीत, अस्तर, आतले थर आणि वरचे कापड हाताने मधून बाहेर साफ करत न्यावे, आणि वीतभर अंतराने लांब कच्चे टाके घालून सगळे एकमेकांना धरून घ्यावे. मगच कडेपासून पक्का धावदोरा सुरू करावा. कच्चे टाके शेवटी उसवून टाकायचे. आत विरलेले सुती लुगडे उत्तम. नायलॉन, पॉलिस्टर घातले की सुई अडते, घाम शोषला जात नाही आणि धुतल्यावर थर सरकतात. बाळाच्या गोधडीत तर सुतीशिवाय काहीही नको. टिकल्या, जर, हूक राहिला नाही ना, हे हात फिरवून पाहावे.

जुन्या कापडाचे काम म्हणून कोणी कमीपणा मानू नये. विनयपिटकात भदन्त आनंदांची एक गोष्ट आहे. राजा उदयनाच्या राण्यांनी त्यांना पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला प्रश्न पडला, एवढ्या वस्त्रांचे हा श्रमण करणार काय? दुकान मांडणार? त्याने जाऊन विचारले. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे विरली त्या भिक्खूंना वाटू. मग विरलेल्या चीवरांचे काय? त्यांची अंथरुणावरची आच्छादने करू. जुन्या आच्छादनांचे काय? गादीच्या खोळी. जुन्या खोळींची जमिनीवरची अंथरुणे, त्यांची पायपुसणी, त्यांची झाडपुसीची फडकी, आणि फडकीही संपली की कुटून चिखलात कालवून जमीन लिंपू. राजाला हिशेब पटला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. भिक्खूंचे चीवरही तुकडे जोडून शिवलेले असते. मगधातील बांध घातलेली शेते पाहून तथागतांनी तसा नमुना करायला सांगितला आणि तो आनंदांनी बसवला. लावणीनंतरच्या आपल्या खाचरांकडे उंचावरून पाहावे, म्हणजे तो नमुना काय असेल ते कळते.

आता अभ्र्यांविषयी. पिंपळपानाचा ठसा घरातल्या मुलालाही जमतो. कापड सुती पांढरे घ्यावे, धुऊन त्यातली खळ काढावी, वाळवून इस्त्री करावी. पान कोवळे नको आणि सुकलेलेही नको. कापडावरचा रंग स्पंजाच्या तुकड्याने पानाच्या शिरा वर आलेल्या बाजूला अगदी पातळ लावावा. रंग जास्त झाला की शिरा बुजतात आणि नुसता डाग उमटतो, तेथील निम्म्या अभ्र्यांचे तेच झाले होते. पान कापडावर ठेवून वर कागद धरावा, तळहाताने दाबावे, पान न हलवता सरळ उचलावे. एक दिवस वाळू द्यावे, मग उलट बाजूने गरम इस्त्री तीन-चार मिनिटे फिरवावी. दोन-तीन दिवस पाण्यात घालू नये. पिंपळावर मुंजा असतो म्हणून लहानपणी आम्हाला त्या झाडाखाली जाऊ देत नसत. आता त्याच झाडाची पाने घरोघर अभ्र्यांवर येत आहेत, हे पाहून बरे वाटले. पायपुसण्यावर मात्र बोधिपान उमटवू नये, असे तेथील एका आजींनी ठणकावले आणि ते सर्वांनी मान्य केले.

यानंतर जो प्रश्न निघाला त्याचे उत्तर आम्हाला अजूनही पूर्ण सापडलेले नाही. आम्ही सुचवले की प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्यात कापडाची एक पट्टी शिवा, तिच्यावर करणारणीचे नाव आणि ‘तळा’ असा ठसा मारा. एका मुलाने लगेच खोडरबरावर ब्लेडने अक्षरे कोरली. सरळ कोरली, त्यामुळे कापडावर उलटी उमटली, मग हसाहशी झाली. ठशाची अक्षरे उलटी कोरायची असतात हे तो आता जन्मात विसरणार नाही.

हसणे ओसरल्यावर एक लेक म्हणाली, “भाऊ, नावाबरोबर आडनाव घालायचं का? आडनाव वाचून परत ठेवतील.”

आम्हाला आपले कुडे आठवले. तळा तालुक्यातच कुड्याची २६ बौद्ध लेणी आहेत. कितीजणांनी मुलांना नेऊन दाखवली, हे ज्याने त्याने आठवावे. तेथील ब्राह्मी शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत, आणि नावाबरोबर धंदाही सांगितला आहे. फुलांच्या माळा करणारा आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, वैद्याचा मुलगा आहे. शिवभूती नावाचा एक ‘लेखक’ आहे. लेखक म्हणजे राजाच्या पदरी लिहिणारा, आमच्याच जातकुळीचा कारकून म्हणा ना! त्याच्या धाकट्या भावाच्या लेखात पत्नी विजया आणि मुलाबाळांची नावेही कोरली आहेत. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरात माळा करणाऱ्याने आपला धंदा दगडावर कोरून ठेवला, मग आपण चिंधीवर आडनाव लिहायला का कचरावे, असे आम्ही बोलून गेलो.

“तुमचं खरं आहे,” ती म्हणाली, “पण तुम्हाला पगार आहे.”

यावर काय बोलणार? बराच वेळ चर्चा झाली. शेवटी ठरले की सध्या नुसते पहिले नाव, ‘तळा’ आणि शेजारी बोधिपान. आडनावाचे ज्या त्या बाईने आपले ठरवायचे. आमचे मत अजूनही आडनाव घालावे असेच आहे. पण माल त्यांचा, पोट त्यांचे. विशेष म्हणजे ज्या वहिनींनी पाचशेला गोधडी दिली होती, त्यांनी आपल्या पट्टीवर आडनावासकट पूर्ण नाव मारून घेतले.

निघताना बचत गटाच्या अध्यक्षांनी कर्जाचे विचारले. महात्मा फुले महामंडळ आहे, ‘उमेद’ आहे, सगळे आहे. पण कर्जाआधी सहा महिन्यांची वही हवी. नाशिकच्या लेण्यांत उषवदाताचा लेख आहे, तो हिशेबाच्या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापण कायमचे ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यायचे. गुणाकार करून पाहा: महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, आणि वीस गुणिले बारा दोनशे चाळीसच. पैचा फरक नाही. राजाच्या जावयाने कायमची ठेव ठेवावी इतकी त्या विणकरांच्या हिशेबाची पत होती.

वहिनींनी ग्रंथवाचनाच्या वहीतले ते शेवटचे पान फाडून घेतले नाही. तेथेच खाली पुढची गोधडी सुरू केल्याची तारीख लिहिली आणि रोज उठताना तास मांडायचे कबूल केले. मोठ्या गोधड्या यापुढे सांगून आलेल्या गिऱ्हाइकालाच करायच्या, निम्मे पैसे आधी घेऊन. एरवी बाळाच्या गोधड्या आणि अभ्रे करायचे. २० मार्चला महाडला चवदार तळ्यावर मंडळाचा स्टॉल लावायचा विचार आहे. तळ्याच्या स्टॉलवर येणाऱ्या बंधू-भगिनींनी किंमत कमी करून मागण्यापूर्वी टेबलावरची वही जरूर उघडून पाहावी. मागू तर नकाच, असे आम्ही लिहिणार होतो, पण काकी म्हणाल्या, “मागू देत, मी आहे ना बसलेली.”

ज्या मंडळांना तास, सामान आणि किंमत मांडायचा वहीचा नमुना हवा असेल त्यांनी अंकाच्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाकावे. जयभीम!